गाडी थांबते कोठें?

मोटार चालविणें म्हणजे ती पुढें नेणें, अशी पुष्कळांची समजूत असते. शिकवणीचा बहुतेक वेळहि क्लच, गिअर आणि स्टिअरिंग यांतच जातो. रस्त्यावरची खरी परीक्षा मात्र थांबण्याच्या वेळीं होते. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्या वर्षींच्या सरकारी अहवालांत कारणांच्या यादींत अतिवेग सर्वांत वर होता.

चेंडूमागें धांवत एखादें मूल रस्त्यांत आलें, तर तें डोळ्यांना दिसणें, मनाला उमगणें आणि पाय ब्रेकवर जाणें यांत सावध माणसाचाहि सुमारें एक सेकंद जातो. तेवढ्या वेळांत गाडी मूळच्याच वेगानें धांवत असते. ताशीं ३० किलोमीटर वेग असेल तर ती सुमारें ८ मीटर जाते. ५० असेल तर जवळजवळ १४. ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर पहिली गाडी आणखी सुमारें ५ मीटरांत थांबते. म्हणजे ३०च्या वेगाची गाडी जेथें स्तब्ध उभी राहते, तेथें ५०च्या वेगाची गाडी अद्याप पुऱ्या वेगांतच असते. तिच्या चालकाचा पाय ब्रेकवर पोंचलेलाच नसतो. आणि या वाढीव वेगानें मिळविलें काय? अर्ध्या किलोमीटरच्या वाटेंत अवघे चोवीस सेकंद!

शिवाय ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. वेग दुप्पट झाला कीं तें चौपट होतें. पावसाळ्यांत तें याहूनहि लांबतें. जूनमधील पहिली सर विशेष फसवी. रस्त्यावर सांचलेली धूळ आणि तेल यांचा तिनें निसरडा लेप होतो.

म्हणून पुढील गाडीपासून अंतर राखण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी. मीटर मोजण्याची गरज नाहीं. पुढील गाडी एखाद्या खांबापाशीं पोंचली कीं मनांत सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणावें. तें संपण्यापूर्वीं आपली गाडी खांबाशीं आली, तर अंतर कमी आहे असें समजावें. पावसांत ही मोजणी दुप्पट करावी. अंतर सोडलें कीं त्यांत रिक्षा शिरते, ही तक्रार खरी आहे. शिरूं द्यावी, आणि पुन्हां किंचित् मागें राहावें. त्यांत जातात ते दोन सेकंदच.

घाटांत हीच गोष्ट वेगळ्या रूपानें पुढें येते. बोरघाट उतरतांना ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. त्यापेक्षां गिअर खालचा ठेवावा आणि गाडी एंजिनच्या आधारानें उतरवावी. पेट्रोल वांचेल म्हणून न्यूट्रलमध्यें उतरणारे कांहीं थोडे नाहींत. हल्लींच्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत तर हा हिशेबहि चुकतो: गिअरमध्यें असतांना ॲक्सिलरेटरवरील पाय काढला कीं एंजिनाचें पेट्रोल बहुधा बंदच होतें, उलट न्यूट्रलमध्यें एंजिन चालू ठेवण्यासाठीं तें जळतच राहतें. आणि अरुंद घाटांत समोरून चढणीची गाडी आली, तर नियमाप्रमाणें वाट तिची; उतरणाऱ्यानें कडेला थांबावें, कारण अवजड गाडीस चढावर थांबून पुन्हां निघणें फार कठीण जातें.