आवाज कधी दिसतात का, बॉस?

‘अ ब्यूटिफुल माइंड’ (२००१) पाहिलाय? त्यात गणिती जॉन नॅशला नसलेला रूममेट चक्क दिसतो. खऱ्या नॅशला आवाज ऐकू यायचे. स्किझोफ्रेनियात बहुधा असंच होतं, पण पडद्यावर आवाज दाखवणार कसे? सिनेमातला नॅश नवी औषधं घेतो. खऱ्याने १९७० नंतर ती घेतलीच नाहीत. हा बदल का? पाहणाऱ्यांनी आपल्या गोळ्या बंद करू नयेत म्हणून, असं खुद्द नॅशचं म्हणणं.

आता आपला ‘देवराई’ (२००४) बघा. भावे-सुकथनकरांचा कॅमेरा आजारी शेषइतकाच (अतुल कुलकर्णी) त्याला सांभाळताना दमणाऱ्या बहिणीवरही (सोनाली कुलकर्णी) थांबतो. नोबेल नाही, टाळ्या नाहीत. आहेत ते उपचार आणि सोबत. बहुतेक घरांतली स्टोरी हीच!