टायफॉइडमध्ये सांधे दुखतात का? आधी विचारा, 'कधी?'

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी तापाच्या रुग्णांसाठी प्रश्नावली केली होती. त्यात एक रकाना होता: 'सांधेदुखी: हो / नाही'. गाईड मॅडमनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "कधी?" तुम्ही पहिली प्रश्नावली करायच्या बेतात असाल, तर हा प्रश्न आत्ताच समजून घ्या.

टायफॉइड साल्मोनेला टायफी या जिवाणूमुळे होतो. दूषित अन्नपाण्यातून तो आतड्यात आणि तिथून रक्तात जातो. या रुग्णाच्या 'हो'मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली: ताप असतानाच अंग आणि सांधे ठणकतात. जंतूशी लढताना शरीर जी सायटोकाइन्स सोडतं, त्यांचा हा परिणाम. सांधा सहसा सुजत नाही आणि ताप उतरला की दुखणंही ओसरतं. पण सांधे डेंगी-चिकनगुनियातही दुखतात, म्हणून एवढ्यावरून टायफॉइड ओळखता येत नाही.

दुसरी: संसर्गानंतर साधारण एक ते चार आठवड्यांनी गुडघा किंवा घोटा सुजतो. हा रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस. सांध्यातलं पाणी कल्चरला लावलं तर जंतू वाढत नाही, कारण ही प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. तीही टायफीपेक्षा साल्मोनेलाच्या इतर प्रकारांनंतर जास्त दिसते.

तिसरी, सगळ्यांत धोक्याची: जंतू थेट हाडात किंवा सांध्यात ठाण मांडतो. हे क्वचित घडतं, पण सिकलसेलच्या रुग्णांना साल्मोनेलाचा हा धोका जास्त असतो. त्यांची हाडं एरवीही दुखतात. त्यामुळे 'नेहमीचंच आहे' म्हणून संसर्ग नजरेतून सुटू शकतो. गडचिरोली, नंदुरबारकडे काम करणार असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा.

माझ्या एका रकान्यात हे तिन्ही रुग्ण एकत्र मोजले गेले असते. टक्केवारी छान निघाली असती, अर्थ मात्र काहीच नाही!

आता माझे प्रश्न असे आहेत: दुखणं तापाच्या कितव्या दिवशी सुरू झालं? कोणता सांधा? सूज आहे का? सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आणि टायफॉइडचं निदान कशावरून केलं? नुसती विडाल पॉझिटिव्ह असेल तर सावध राहा, कारण ती इतर तापांतही पॉझिटिव्ह येऊ शकते. मुळात टायफॉइडच नसेल, तर सांधेदुखी त्याचं लक्षण कशी ठरणार?

तुमच्या प्रश्नावलीतला प्रत्येक 'हो / नाही' एकदा असाच तपासून बघा.