जोतिबा : डोंगरावरचा काळा दगड

कागल पंचतारांकित एमआयडीसीतून महामार्गाने कोल्हापूर, मग पन्हाळ्याच्या वाटेवर केर्लीला वळलं की घाट चढून वाडी रत्नागिरी, म्हणजेच जोतिबाचा डोंगर. इथे चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या (देवाच्या उंच निशाणकाठ्या) नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो. पण देवळांचा दगड पाहायचा तर आडवारी, सकाळीच जावं.

जोतिबाचं मूळ देऊळ नावजी साया यांनी बांधलं. आजचं मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी उभारलं. शेजारचं केदारेश्वर १८०८ चं, दौलतराव शिंद्यांचं. सगळं काम काळ्या बेसॉल्टचं. केदारेश्वर तर एकाही खांबाच्या आधाराविना उभं आहे. मला सर्वांत थक्क करतं ते हेच! गुलालाच्या थराखालचं कोरीवकाम शांतपणे न्याहाळा. दगडावर नावं मात्र कोरू नका.