कॅशबॅक वटवण्यापूर्वी

आजऱ्यात घनसाळ तांदूळ वा काजूगर क्रेडिट कार्डावर घेतले, तर बँक त्या खर्चाचा अल्पसा अंश परत देते. हाच कॅशबॅक. काही कार्डांवर तो बिलात आपोआप वळता होतो. काहींवर गुण जमतात आणि ते मुदतीत वटवावे लागतात. त्यासाठी शंभर रुपये शुल्क व त्यावर १८ टक्के जीएसटी असेल, तर दोनशेपैकी ८२ रुपयेच हाती उरतात!

खरी गोम पुढेच आहे. जमा झालेल्या कॅशबॅकला अनेक बँका बिलाचा भरणा मानत नाहीत. किमान देय रक्कम स्वतंत्रपणे भरावीच लागते. वीस हजारांवर एक टक्क्याने दोनशे रुपये मिळतात. तेच वीस हजार महिनाभर थकले, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याजच सातशे होते.

‘गुण आजच वटवा’ असा संदेश दुव्यासह आल्यास तो उघडू नये. बँकेच्या अधिकृत ॲपमधूनच व्यवहार करावा. फसवणूक झालीच, तर तत्काळ बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे.