सहलीची बस ठरवताना

गेल्या डिसेंबरमध्ये आमच्या हाऊसची तीन दिवसांची सहल मालवणला गेली. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि २०२३ चा नौदल दिन जिथे साजरा झाला तो तारकर्लीचा किनारा, दोन्ही एकाच फेरीत पाहता येतात, म्हणून जागेवर मतभेद झाला नाही. बस ठरवण्याचे काम हाऊसमास्टर सरांनी माझ्यावर आणि माझ्या एका वर्गमित्रावर टाकले. "दरपत्रके तुम्ही मिळवा, तुलना तुम्ही करा, सही मी करतो," असे ते म्हणाले. आम्हाला वाटले, दोन फोनचे काम आहे. अकरा दिवस लागले. पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी, आणि सहलीचे पैसे भरणाऱ्या पालकांसाठीही, त्यातून कळलेले इथे लिहीत आहे.

पहिली अडचण दर समजण्याची. बसमालक दर किलोमीटरला सांगतात, म्हणून आम्ही अंतर गुणिले दर असा हिशोब मांडला आणि खूश झालो. बेळगाव ते मालवण आंबोलीमार्गे साधारण दीडशे किलोमीटर, जाऊन-येऊन तीनशे, तिथे फिरण्याचे साठ. एकूण ३६०. पण प्रत्येक दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात होते, 'रोजचे किमान रनिंग ३०० किमी'. म्हणजे बस दिवसभर माडाखाली उभी राहिली तरी तीनशेचे पैसे द्यायचे. तीन दिवसांचे ९००. बस धावणार ३६०, बिल ९०० चे! यात मालकाची लबाडी नाही. गाडी आपल्यासाठी अडकून पडते, हप्ता आणि पगार त्याला चालूच असतात. फक्त हे आधी माहीत हवे.

आणखी तीन गोष्टी विचाराव्या लागतात. किलोमीटर शाळेच्या फाटकापासून मोजणार की मालकाच्या शेडपासून? बहुतेक जण शेड ते शेड मोजतात, म्हणून निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवावा. दिवस कधी बदलतो? बहुतेकांकडे रात्री बाराला, त्यामुळे साडेबाराला परतलात तर चौथा दिवस लागतो. टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्याचा कर आणि ड्रायव्हर भत्ता दरात धरला आहे का? हे सगळे लेखी घ्या. फोनवर सगळेच "होऊन जाईल" म्हणतात.

९०० चा आकडा पाहून आम्ही एक युक्ती काढली. बसने पहिल्या दिवशी आम्हाला सोडून रिकामे परतायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा न्यायला यायचे. दोन दिवसांचे मिळून ६०० किलोमीटर, आणि मधल्या दिवसापुरती मालवणातच मिनीबस घ्यायची. बरीच बचत होत होती. गणिताच्या सरांनाही हे आवडले. हाऊसमास्टर सरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "ड्रायव्हर किती तास चालवणार?" घाटामुळे एका बाजूला साडेचार तास धरले होते. जाऊन-येऊन नऊ. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यायला सांगितले, हे आम्हाला तेव्हा कळले. आमची बचत त्या एका माणसाच्या नवव्या तासातून येणार होती. दुसरा ड्रायव्हर मागितला तर बचत जवळजवळ संपत होती. युक्ती रद्द झाली आणि बस तीन दिवस आमच्याबरोबर ठेवायचे ठरले.

आता कागदपत्रे. भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी कितीही चकचकीत असली तरी भाड्याने घेऊ नये, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. आम्हाला आणखी एक बघायचे होते. शिनोळीला कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो, त्यामुळे केए २२ ची बस ऑल इंडिया टुरिस्ट परमिटवाली हवी होती. सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याकडे ते परमिट नव्हते. "सीमेवरचे मी बघतो," तो म्हणाला. सरांनी त्याचे नाव खोडले.

सीट मोजताना स्वतःला फसवू नका. आम्ही ४२ कॅडेट आणि ४ मोठी माणसे, म्हणून ४९ सीटची बस घेतली. काही जण लहान बस देऊन मधल्या वाटेत प्लॅस्टिकची स्टुले टाकतात. पण नोंदणीच्या पुस्तकात जितक्या सीट, तितकीच माणसे बसवायची असतात. आणि ती मधली वाट संकटकाळच्या दाराकडे जाते. आपण कॅडेट लोक ट्रंका आणि होल्डॉल नेमके त्या दारासमोर रचतो. आम्हीही रचले होते. उस्तादांनी निघण्याआधी सगळे उतरवून डिकीत टाकायला लावले, वर दहा पुशअप. (ज्यांना घाट लागतो त्यांना पुढे बसवा. पुढच्या सीटसाठी सिनिऑरिटी चालते, उलटीला चालत नाही.)

मोठ्या बसचा तोटा मालवणात कळला. तारकर्लीकडच्या वाड्यांमधले रस्ते अरुंद, वरून माडाची झावळे आणि विजेच्या तारा. आमच्या मुक्कामाच्या गल्लीत बस वळेना, म्हणून ती मोठ्या रस्त्यालाच थांबली आणि आम्ही सामान डोक्यावर घेऊन चालत गेलो. पंचवीस सीटच्या दोन मिनीबस घेतल्या असत्या तर थोडे महाग पडले असते, पण दारापर्यंत गेलो असतो.

बस त्या रस्त्यावर राहिली आणि ड्रायव्हरकाकाही तिच्यातच राहिले. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही. दरपत्रकात 'ड्रायव्हर भत्ता' लिहिला होता, पैसे दिले होते, विषय संपला होता.

तिसऱ्या दिवशी जेवून आम्ही निघालो. मला घाट लागतो म्हणून मी पुढे बसलो होतो. सावंतवाडी मागे पडली, घाट अजून सुरू व्हायचा होता. मागे अंताक्षरी चालली होती. क्लीनर झोपला होता. आरशात पाहिले तर काकांची मान हळूच खाली गेली आणि झटक्याने वर आली. मला वाटले, खड्डा असेल. थोड्या वेळाने पुन्हा तसेच झाले, आणि या वेळी डावे चाक रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरले. मी "उस्ताद!" एवढेच ओरडलो. उस्तादांनी पुढे येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांत आवाजात म्हणाले, "भाऊ, जरा चहा घेऊया."

काका चहा न घेताच झाडाखाली आमच्या होल्डॉलवर आडवे झाले आणि तासभर झोपले. उठल्यावर त्यांनी सांगितले, दोन्ही रात्री बसमध्ये डास होते. दुसऱ्या रात्री दोन वाजता कोणीतरी काच ठोठावून बस पुढे घ्यायला लावली, त्यानंतर झोपच लागली नाही. "आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले. ते म्हणाले, "बाळा, सहलीवाल्यांना असं कोणी सांगतं का?"

आम्ही शाळेत दोन तास उशिरा पोहोचलो. तोवर किती पालकांचे फोन येऊन गेले ते ऑफिसला विचारा. उशिराचे खरे कारण मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

मुक्कामाच्या ठिकाणी दोन जादा खाटांचे भाडे किती, हे मी परतल्यावर विचारून घेतले. सगळ्यांत वाटले तर प्रत्येकी एका वडापावाइतकेही होत नव्हते. या वर्षीच्या दरपत्रकाच्या नमुन्यात मी एक ओळ वाढवली आहे, 'ड्रायव्हर व क्लीनर यांच्या झोपण्याची व जेवणाची सोय आमच्याकडे.' नमुना पाठवल्यावर पहिल्याच बसमालकाचा फोन आला. ही ओळ चुकून पडली आहे का, असे तो विचारत होता.