बॉम्ब न पडताही उद्ध्वस्त झालेले बंदर

दौंडहून रेल्वेने मुंबईला गेलात, तर भायखळ्यानंतर डाव्या हाताला, वस्तीपलीकडे, बंदराचा पट्टा असतो. दुसऱ्या महायुद्धात त्यावर शत्रूचा एकही बॉम्ब पडला नाही. तरीही १४ एप्रिल १९४४ रोजी तो उद्ध्वस्त झाला. कसा?

व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या ८,७०० गाठी होत्या. काही ठिकाणी तर दोन्ही एकाच कोठारात! दुपारी धूर दिसला. बंबांनी ९०० टनांहून अधिक पाणी ओतले, तरी आग विझेना.

याचे कारण कापसाच्या गुणधर्मात आहे. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. तिच्यातील ऑक्सिजनवर कापूस आतल्या आत धुमसतो. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने उष्णता आतच कोंडते. शिवाय दाबून बांधलेल्या गाठीच्या गाभ्यापर्यंत पाणी सहज झिरपत नाही. शेवटी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व सुमारे अर्ध्या तासाने दुसरा.

हा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकानेही नोंदवला. मुंबई-सिमला सरळ अंतर सुमारे १,४०० कि.मी. आहे. हवेतून ध्वनीला एवढे अंतर कापण्यास सुमारे एक तास दहा मिनिटे लागतील. खडकातून जाणाऱ्या भूकंपतरंगांना मात्र तीनेक मिनिटे पुरतात!

शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. मुंबईला गेलात की ते अवश्य पाहा. सुमारे ८,००० माणसांनी सात महिने राबून ढिगारे उपसले व गोद्या पुन्हा सुरू केल्या. पुढे कंटेनरच्या युगात व्हिक्टोरिया व प्रिन्सेस या दोन्ही गोद्या भरून काढण्यात आल्या.

स्फोटके असलेल्या जहाजावर लाल बावटा हवा. तो त्या दिवशी नव्हता. त्यामुळे शेजारच्या जहाजांना धोका कळलाच नाही. आज कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीकडे जाणाऱ्या टँकरवर चौकटीत ज्योत किंवा कवटी काढलेली दिसते. तो आपला लाल बावटा! ज्योत म्हणजे ज्वालाग्राही, कवटी म्हणजे विषारी. रस्त्यात दिसणारी अशी चिन्हे वहीत काढा आणि शिक्षकांना विचारा : यांपैकी कोणते दोन पदार्थ शेजारी ठेवू नयेत?