गिऱ्हाइकांच्या मालकीचे दुकान : बिॲट्रिस वेब यांनी मांडलेला हिशेब

मोहल्ल्यातील किराणा दुकानात बहुतेक घरांचे महिन्याचे खाते असते. पगार झाला की जुनी उधारी फेडायची आणि दुसऱ्या दिवसापासून नवी सुरू करायची. ज्याची उधारी आहे त्याला दुसरे दुकान धरता येत नाही, भावाची घासाघीस करता येत नाही आणि मापात कमी आले तरी गप्प बसावे लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणी कामगारांचे हेच हाल होते. त्यांनी काढलेला मार्ग नेमका कशामुळे यशस्वी झाला, हे बिॲट्रिस पॉटर (पुढे वेब) या अर्थशास्त्रज्ञ महिलेने जगाला समजावून सांगितले. आपल्या व्यापारी व गिऱ्हाईक वाचकांसाठी तो हिशेब आम्ही येथे देत आहोत.

बिॲट्रिस यांचा जन्म १८५८ चा. वडील रेल्वे-धंद्यातले बडे आसामी. कॉलेजचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. १८८३ मध्ये त्या ‘मिस जोन्स’ असे नाव घेऊन लँकेशायरमधील बेकप गावी आपल्या आईकडच्या गरीब नातलगांत जाऊन राहिल्या. तेथे त्यांनी कामगारांचे सहकारी दुकान जवळून पाहिले. १८८९ मध्ये याच विषयाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला, तेव्हा केंब्रिजचे नामवंत अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी त्यांना सल्ला दिला की, हा विषय सोडा आणि स्त्रियांच्या मजुरीवर लिहा. बाईंनी तो मानला नाही. १८९१ मध्ये ब्रिटनमधील सहकारी चळवळीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांच्यासमोर मुख्य नमुना होता रॉचडेल गावाचा. तेथे विणकर व इतर कारागीर अशा २८ जणांनी सुमारे २८ पौंडांच्या भांडवलावर २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले. माल होता लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम मोजके होते : व्यवहार रोखीने, माल भेसळीविना, माप पूर्ण, आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत. नफ्याची वाटणी मात्र भांडवलावर न करता खरेदीवर करायची.

या शेवटच्या नियमाचे मर्म बिॲट्रिस यांनी उलगडले. समजा, अशा दुकानाची वर्षाची विक्री १० लाख रुपये झाली. मालाची किंमत, भाडे, पगार व राखीव निधी वजा जाता ४० हजार उरले. म्हणजे रुपयामागे ४ पैसे. ज्या घराने वर्षात ३० हजारांची खरेदी केली, त्याला १,२०० रुपये परत मिळतील. हा एका अर्थी नफाच नव्हे. जादा घेतलेली किंमत गिऱ्हाइकाला परत मिळते. गिऱ्हाईक स्वतःच मालक असल्याने भेसळ करून कोणाचाच फायदा होत नाही.

कामगारांनी स्वतःच्या मालकीचे काढलेले कारखाने मात्र बहुधा बुडाले, किंवा थोड्या मालकांच्या हाती गेले. याचे कारणही त्यांनी दाखविले. कारखान्याला गिऱ्हाईक शोधावे लागते. गिऱ्हाइकांच्या दुकानाला ते पहिल्या दिवसापासून असते. म्हणूनच दुकानांनी १८६३ मध्ये एकत्र येऊन घाऊक खरेदीची संस्था काढली आणि तिने १८७३ पासून बिस्किटे व बूट स्वतः बनविण्यास सुरुवात केली. आजचे मोठे बाजार स्वतःच्या नावाचा माल विकतात आणि कायमच्या गिऱ्हाइकाला खरेदीवर गुण देतात. या दोन्ही गोष्टी त्या दुकानांत फार पूर्वीच दिसतात. फरक एवढाच, की तेथे गिऱ्हाइकाला मतही होते.

१८९२ मध्ये बिॲट्रिस यांचा विवाह सिडनी वेब यांच्याशी झाला. १८९५ मध्ये या दांपत्याने इतर सहकाऱ्यांसह लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स स्थापन केले. डॉ. आंबेडकरांनी शिक्षण घेतले ते हेच विद्यालय. आपल्याकडेही १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली, आणि १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांनी ‘अपना बाजार’ सुरू केला.

आपण यातून काय घ्यावे? पूर्ण माप आणि सचोटी यांची ताकीद आपल्याला सूरह मुतफ्फिफीनने दिलेलीच आहे. रॉचडेलमध्ये भागांवर ठराविक व्याज दिले जाई. ते आपण घेऊ शकत नाही, पण खरेदीवरील परतावा ही निराळी गोष्ट आहे. भागाची रक्कम बिनव्याजी ठेवूनही असे दुकान उभे राहू शकेल, असे आम्हाला वाटते. अर्थात, आधी उलेमा आणि सहकार कायद्याचे जाणकार यांचा सल्ला घ्यावा.

खरी अडचण रोखीची आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला ही अट इंग्लंडातही जड गेली. जुन्या उधारीत अडकलेले घर एकाएकी रोखीवर येणार कसे? येथे मोहल्ल्याच्या बैतुलमालने पुढे यावे. एका घराची एका महिन्याची उधारी कर्ज-ए-हसना देऊन फेडली आणि ती रक्कम हप्त्याहप्त्याने परत घेतली, तर ते घर दुकानदाराच्या वहीतून सुटेल. दहा घरे अशी सुटली, तर दुकानाची सुरुवात त्या दहा घरांपासून करता येईल. २८ माणसांना जे जमले, ते आपल्या एखाद्या मोहल्ल्याला का जमू नये?